नुसता कापूस

'अस्थिमज्जा' हा शब्द प्राचार्यांनी एकदा वाचला, चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचला आणि समोर उभ्या असलेल्या साहेबाला विचारलं, "हे सांस्कृतिकमध्ये येतं की क्रीडामध्ये?"

साहेब हा कॉमर्सच्या दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी. इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं आणि तोंडात 'सदर', 'तत्संबंधी', 'उपरोक्त' असले शब्द, एवढ्या भांडवलावर वर्गाने त्याला साहेब केलं होतं. ही टिंगल आहे हे सगळ्या कॉलेजला माहीत होतं, एक तो सोडून.

"सर, सदर शिबिर वैद्यकीय स्वरूपाचं आहे," साहेब म्हणाला.

"वैद्यकीय खातं आपल्याकडे नाही. हॉल हवा तर अर्ज कुठल्या तरी खात्यामार्फत यायला हवा. उद्या कोणी विचारलं, हॉल कशासाठी दिलात, तर मी काय सांगू?"

साहेबाबरोबर टाचणी आली होती. ती त्याच्याच वर्गातली, अंगाने बारीक आणि बोलायला टोकदार, म्हणून टाचणी. ती म्हणाली, "क्रीडामध्ये घाला सर. आम्ही खूप धावपळ करतोच आहोत."

प्राचार्य सरळ मनाचे होते. त्यांनी क्रीडामध्ये घातलं. दुसऱ्या दिवशी नोटीस बोर्डावर कागद लागला, 'आंतरवर्गीय अस्थिमज्जा स्पर्धा', आणि खाली अट, 'खेळाडूंनी हॉलमध्ये खेळाचे बूट घालूनच प्रवेश करावा.' दोन मुलांनी येऊन साहेबाला विचारलं की दुहेरीत नाव देता येईल का. एकाने तर जोडीदारही ठरवून आणला होता.

हे सगळं चाललं होतं ते रेडिओसाठी. रेडिओ म्हणजे साहेबाच्या बाकावरचा त्याचा मित्र. शाळेपासून बरोबर. तास चालू असो, परीक्षा असो, कोणाचं सांत्वन करायला गेलेले असोत, त्याचं तोंड बंद झाल्याचं कोणी पाहिलं नव्हतं. तो आता हॉस्पिटलात काचेपलीकडच्या खोलीत होता. आपलं रक्त हाडांच्या आतल्या मगजात, म्हणजे अस्थिमज्जेत, तयार होतं, आणि त्याच्या हाडांनी ते काम सोडून दिलं होतं. दुसऱ्या कोणाचा तरी जुळणारा मगज मिळाला तर तो वाचेल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. बहिणीचा जुळला नाही. देणाऱ्यांच्या नोंदणीत शोधलं, तिथेही कोणी मिळालं नाही. जितकी जास्त माणसं नावं नोंदवतील तितकी आशा, एवढं एकच त्यांच्या हातात होतं. साहेबाने त्याच संध्याकाळी रेडिओच्या आईला शब्द दिला, "काकू, काळजी करू नका. उचित ती कार्यवाही करतो." काकूंना त्याही परिस्थितीत हसू आलं.

आता नाव नोंदवायचं म्हणजे काय, तर गालाच्या आतून कापसाची काडी फिरवायची. संपलं. सुई नाही, रक्त नाही. साहेब हे जिथे तिथे सांगत सुटला. "नुसता कापूस हो! नुसता कापूस!" सांगताना त्याच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसे तो शंभर टक्के खरा होता, कारण साहेब सुईला भयंकर घाबरत असे. शाळेत एकदा रक्तगट तपासायला आले होते तेव्हा तो बेशुद्ध पडला होता, आणि तेही पुढच्या मुलाला टोचताना. जुळलं तर पुढे काय करतात हे तो लोकांना सांगत असे, पण स्वतः ऐकत नसे.

बातमी साहेबाच्या आईने जिन्यात एकीला सांगितली. तिन्हीसांजेपर्यंत 'साहेब हाड काढून देणार' हे सगळ्या इमारतीला माहीत झालं, आणि सल्ल्यांना सुरुवात झाली.

खालच्या मजल्यावरचे विमावाले काका म्हणाले, "बाळा, बाकी कुठूनही काय ते काढू दे, पाठीच्या कण्याला हात लावू देऊ नकोस. कण्याशिवाय माणूस फक्त नोकरी करू शकतो, धंदा नाही."

वरच्या काकू आईला बाजूला घेऊन म्हणाल्या, "लग्न जमवताना सांगावं लागेल हं. नंतर कळलं तर फसवलं म्हणतील."

"अहो, नुसता कापूस आहे," आई म्हणाली.

"कापूसच असतो सुरुवातीला," काकू गंभीरपणे म्हणाल्या. त्यांना नेमकं काय म्हणायचं होतं ते त्यांनी सांगितलं नाही आणि आईला रात्रभर झोप लागली नाही.

एकट्या मॅनेजरकाकांनी सल्ला दिला नाही. हे बँकेतून निवृत्त झालेले. ताठ मानेचे आणि पहाटे फिरायला जाणारे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "किती वाजता येऊ?"

कॉलेजातली मुलंही येतो म्हणाली. शंभर टक्के येतो, आलोच समज, हा काय विचारायचा प्रश्न आहे का, असं ज्याला विचारावं तो म्हणत होता. साहेब खूश होता. टाचणी म्हणाली, "जो इतक्या पटकन हो म्हणतो तो येत नाही." साहेबाने तिला नकारात्मक विचारसरणीवर चार शब्द सुनावले.

शिबिराच्या सकाळी हॉलमध्ये टेबल टेनिसची टेबलं मांडलेली होती. क्रीडाच्या नावाखाली परवानगी असल्याने जाळ्या काढायला शिपायाने ठाम नकार दिला. नमुने घ्यायला नोंदणी संस्थेकडून एक बाई आल्या होत्या, त्यांनी जाळीच्या एका बाजूला काड्या आणि दुसऱ्या बाजूला पाकिटं मांडली. आणि माणसं यायला लागली. बघता बघता रांग लागली. साहेबाने अभिमानाने टाचणीकडे पाहिलं. टाचणीने रांगेकडे पाहिलं. रांगेत सगळी डोकी पांढरी होती.

इमारतीतले, शेजारच्या गल्लीतले, पहाटे फिरायला जाणारे, हास्य क्लबवाले असे झाडून सगळे आजी-आजोबा अंघोळ करून, स्वच्छ कपडे घालून आले होते. आणि मुलं? मुलांपैकी दोघंच होती, आणि त्यांच्या हातात बॅट होत्या.

नमुनेवाल्या बाईंनी वय विचारलं. मॅनेजरकाकांनी सांगितलं.

"काका, तुमचं नाही घेता येणार. वयाची अट आहे. तरुण लागतात."

मॅनेजरकाकांचा चेहरा लाल झाला. "मी रोज टेकडी चढतो. या तुमच्या तरुणांना दुसऱ्या मजल्यावर लिफ्ट लागते. तपासून तरी बघा!"

"काका, नियम आहे."

"नियम मला सांगू नका. जन्मभर मीच लोकांना नियम सांगितले." ते बाजूला झाले आणि भिंतीशी जाऊन उभे राहिले. मागोमाग एकेक जण नापास होऊन त्यांच्या शेजारी येऊन उभा राहू लागला. अपमान एकट्याचा असला की माणूस घरी जातो, पण इथे तर सगळी पलटणच जमली. जरा वेळाने मॅनेजरकाका त्या पलटणीपुढे येऊन म्हणाले, "मंडळी, आपण अपात्र आहोत. ठीक. पण आपल्याला पुतणे आहेत, भाचे आहेत, नातवंडं आहेत. जावई आहेत! जावई आजवर कशाच्या उपयोगी पडले? फोन काढा."

त्यानंतर हॉलच्या भिंतीशी जे फोन झाले ते ऐकण्यासारखे होते. "झोपलायस? मग ऊठ." "मला काही नाही झालंय, पण तू आला नाहीस तर होईल." "जावईबापू, तुम्हाला त्रास देणार नव्हते, पण हे आता शेवटचंच." एका आजींनी तर नुसतं "ये" म्हणून फोन ठेवला. तासाभरात हॉलमध्ये पाय ठेवायला जागा राहिली नाही. केस न विंचरलेले भाचे, घाबरलेले जावई, त्यांच्याबरोबर त्यांचे मित्र. खेळाचे बूट आहेत का म्हणून शिपाई एकेकाचे पाय तपासत होता.

आणि याच वेळी साहेबाची आई आली. तिच्या हातात चहाची मोठी किटली होती, पाठोपाठ वरच्या काकू बिस्किटांचे डबे घेऊन. इतकी माणसं आपल्या मुलाच्या शब्दाखातर येणार आणि त्यांना कोरड्या तोंडाने उभं करायचं, हे तिच्या मनाला पटणारं नव्हतं. तिने दारातच टेबल लावलं. आत येणाऱ्या प्रत्येकाला कप आणि दोन बिस्किटं, नको म्हणणाऱ्याला तीन. साहेबाला लांबून ते दिसलं आणि आपली आई किती थोर आहे या विचाराने त्याचा ऊर भरून आला.

नमुनेवाल्या बाईंनी पहिल्या तरुणाचं तोंड उघडलं. आत बिस्किट होतं. दुसऱ्याचं उघडलं. बिस्किट. तिसऱ्याच्या तोंडात बिस्किट आणि चहा दोन्ही.

"थांबा!" बाई ओरडल्या. "अर्धा तास आधी काहीही खायचं-प्यायचं नाही, तुम्हाला कागद दिला होता ना? सूचना लावली नाही का?"

"लावली आहे," साहेब दुखावल्या स्वरात म्हणाला आणि त्याने बोट दाखवलं.

सूचना लावली होती. मोठ्या, सुबक अक्षरांत. साहेबाने ती स्वतः तयार केली होती: 'सदर प्रक्रियेपूर्वी अर्धघटिकेपर्यंत मुखमार्गे सेवन वर्ज्य.' नेमकी तिच्याखालीच आई चहा ओतत होती.

"मला वाटलं तंबाखूचं आहे," आई म्हणाली.

"अर्धघटिका म्हणजे बारा मिनिटं," टाचणी म्हणाली. "तेही चुकलंच."

साहेबाला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. पण जमिनीवर टेबल टेनिसची टेबलं होती. बाईंनी जाहीर केलं की सगळ्यांनी चुळा भरा आणि अर्धा तास तोंडात काही न घालता थांबा, नाहीतर नमुने वाया जातील. अर्धा तास! जी मुलं जिवावर उदार होऊन पाच मिनिटांसाठी आली होती, ती घड्याळं बघायला लागली. दाराकडची दोघं-तिघं हळूच सरकू लागली. मॅनेजरकाकांनी खुर्ची उचलली, दारात आडवी टाकली आणि तिच्यावर बसले. पण एक खुर्ची किती जणांना अडवणार?

साहेबाने ओळखलं की आपली वेळ आली. तो मंचावर चढला, त्याने माईक हातात घेतला आणि घसा साफ केला. "आदरणीय व्यासपीठ, सन्माननीय प्राचार्य, उपस्थित बंधू-भगिनी..."

मागच्या रांगेतले चार जण उठले.

टाचणीने धावत जाऊन त्याच्या हातातला माईक काढून घेतला, आपल्या फोनवर एक नंबर लावला आणि फोन माईकसमोर धरला.

"हॅलो," हॉलभर आवाज घुमला. आवाज बारीक होता, थकलेला होता, पण शाळेपासून ज्याने कोणाला बोलू दिलं नाही त्याचाच होता. "कोण कोण पळून जातंय? हात वर करा."

उठलेले चार जण अवघडून उभे राहिले.

"बसा रे. साहेबाचं भाषण सुरू झालं म्हणून पळताय ना? बरोबर आहे. मी असतो तर मीही पळालो असतो, सलाईनसकट." लोक हसले. "तुम्हाला म्हणे अर्धा तास तोंडात काही घालायचं नाही. मला इथे दोन्ही वेळा जेवण देतात. त्यापेक्षा तुमचं बरं चाललंय."

मग रेडिओ सुटला. हॉस्पिटलातल्या जेवणाला चव नाही हीच त्याची चव कशी, रात्रीच्या नर्सबाई झोपलेल्या पेशंटला उठवून झोपेची गोळी कशी देतात, आणि भेटायला आलेला साहेब काचेतून नुसती सलाईनची सुई बघून खाली कसा बसला. "सगळा स्टाफ धावला! मला वाटलं माझ्याकडेच येतायत. पेशंट आत, आणि स्ट्रेचर बाहेर त्याच्यासाठी!" प्राचार्य रुमाल तोंडाला लावून हसत होते. साहेब मंचावर उभा होता. त्याच्या इभ्रतीची लक्तरं त्याच्याच शिबिरात टांगली जात होती आणि त्याला उतरायलाही सुचत नव्हतं.

आणि मग, एका वाक्याच्या मध्येच, आवाज थांबला. फोनमधून नुसता श्वास ऐकू येत होता. मागे कुठलंसं यंत्र टिकटिकत होतं. मग तिथल्या नर्सबाईंचा आवाज आला. "दमलाय तो. पाच मिनिटं थांबाल का सगळे? बोलेल परत."

कोणी हललं नाही. हास्य क्लबवाले आजोबा डोळे पुसत होते. बॅटवाल्या मुलांनी बॅट टेबलाखाली ठेवून दिल्या. घड्याळाकडे कोणी बघितलं नाही, आणि त्या भरलेल्या हॉलमध्ये सगळे एका मुलाचा श्वास जागेवर येण्याची वाट बघत थांबले.

"झाला का अर्धा तास?" रेडिओने विचारलं. "झाला असेल तर उघडा तोंडं."

पहिला कापूस साहेबाने फिरवून घेतला.

पुढे काही महिने रेडिओसाठी कोणी मिळालं नाही. रक्ताच्या बाटल्यांवर तो तग धरून होता. आणि एके दिवशी वर्गातून बाहेर पडताना साहेबाला फोन आला. नोंदणी संस्थेतून. तुमचा नमुना एका पेशंटशी जुळतो आहे, असं पलीकडचे गृहस्थ म्हणाले. ते आणखीही बरंच बोलत होते, पण ते ऐकायला साहेब होता कुठे? तो हॉस्पिटलच्या दिशेने पळत सुटला होता, शर्ट बाहेर आला होता, एक पेन वाटेत पडलं होतं. त्याने वॉर्डच्या दारातूनच ओरडून सांगितलं, "काकू, जुळलं! माझं जुळलं!"

काकूंनी त्याला मिठी मारली. काचेपलीकडे रेडिओने कपाळाला हात लावला. "याचं? आता मी पण 'सदर' बोलणार!"

काकू धावत डॉक्टरांकडे गेल्या. परत आल्या तेव्हा हळूहळू चालत आल्या. हे आपल्यासाठी नव्हतं. दुसरं कोणी तरी होतं, दुसऱ्याच कुठल्या हॉस्पिटलातलं. नाव-गाव सांगत नाहीत.

काकू बाकावर बसल्या. साहेब त्यांच्यासमोर उभा होता, आणि आपण आज जे केलं त्यापेक्षा कोणी आपल्याला दहा सुया टोचल्या असत्या तर परवडलं असतं, असं त्याला मनापासून वाटलं. काकूंनी डोळे पुसले आणि त्याच्याकडे बघून म्हणाल्या, "अरे, किती धापा टाकतोयस. पाणी पी."

घरी आल्यावर साहेबाने नोंदणी संस्थेला फोन लावून मघाचं राहिलेलं ऐकून घेतलं. आता कापूस नव्हता. पाच दिवस रोज इंजेक्शन, मग दोन्ही हातांत सुया घालून तासन् तास पडून राहायचं. मगजातल्या पेशी रक्तात उतरवतात आणि यंत्राने वेचून घेतात, धोका नाही, थोडं अंग दुखतं. नाही म्हणायचं तर आत्ताच म्हणा, असं संस्थेच्या डॉक्टरांनी बजावलं. एकदा पेशंटची तयारी सुरू झाली की त्याचा स्वतःचा मगज औषधांनी पुरता नष्ट करतात. त्यानंतर तुम्ही माघार घेतलीत तर तो वाचत नाही.

रेडिओसाठी साहेबाने डोळे मिटून हात पुढे केला असता. पण कोण कुठला! विमावाले काका म्हणाले, "ओळखीच्यासाठी ठीक आहे. अनोळखी माणूस बरा झाल्यावर ओळख तरी देणार आहे का?" वरच्या काकू म्हणाल्या, "मी म्हटलं नव्हतं, कापूस सुरुवातीला असतो?" साहेबाने 'काही अपरिहार्य कारणास्तव' अशी सुरुवात मनात जुळवली आणि तो रेडिओला सांगायला गेला.

काचेच्या दोन्ही बाजूंना फोन धरून दोघं बसले. साहेबाने सगळं सांगितलं. रेडिओने मध्ये एकदाही तोंड घातलं नाही. असं कधी झालं नव्हतं.

"म्हणजे तिकडे पण एक रेडिओ आहे," तो शेवटी म्हणाला.

"असेल."

"त्याला आज सांगितलं असेल, मिळाला म्हणून. त्याची आई अशीच उड्या मारत असेल. आणि तू अपरिहार्य!" त्याला धाप लागली. "ती चूक होती असं त्यांना कोण सांगणार? तू जाणार? काल माझ्या आईचा चेहरा बघितलास ना?"

साहेब खिशातल्या उरलेल्या पेनाचं टोपण काढून पुन्हा लावत बसला.

"घाबरतोस?"

"हो," साहेब म्हणाला. इतकं लहान उत्तर त्याने आयुष्यात प्रथमच दिलं होतं.

"मग घाबरत घाबरत जा, गाढवा. न घाबरता जा असं कोणी म्हटलंय?"

साहेब गेला. पहिल्या दिवशी सुई बघताच तो बेशुद्ध पडला, आणि नर्सबाईंनी तेवढ्यात इंजेक्शन देऊन टाकलं. दोघांचीही सोय झाली. उरलेल्या दिवसांत तो शुद्धीवर राहिला आणि आईचा हात इतका घट्ट धरला की अंग त्याचं दुखत होतं आणि हात शेकत आई बसली होती. शेवटच्या दिवशी यंत्राला जोडून त्याला पाडून ठेवलं तेव्हा त्याच्या उशाशी आईच्या बरोबरीने रेडिओची आईही येऊन बसली. कोणी बोलावलं नव्हतं. संपेपर्यंत उठली नाही. निघताना एक माणूस त्या पेशींची निळी पेटी उचलून घेऊन गेला, आणि ती जिन्याखाली दिसेनाशी होईपर्यंत काकू बघत राहिल्या.

साहेबाची इभ्रत जरा सावरली होती. जिन्यात विमावाले काका भेटले की तो दंडाला हात लावून किंचित कण्हत असे. दुखायचं केव्हाच थांबलं होतं.

अशाच एका सकाळी दाराची बेल वाजली. दारात रेडिओची आई होती. केस विस्कटलेले, पायांत दोन वेगवेगळ्या चपला.

"मिळाला," ती म्हणाली. "या वेळी डॉक्टरांनी स्वतः सांगितलं. आपल्यालाच. पूर्ण जुळतोय."

साहेबाच्या आईने तिला हाताला धरून आत घेतलं, बसवलं, आणि दोघी एकमेकींना धरून रडल्या. मग आई डोळे पुसत स्वयंपाकघरात गेली.

"कोण आहे?" साहेबाने विचारलं.

"सांगत नाहीत. मुलगा आहे, एवढंच कळलं. तुमच्याच वयाचा." काकूंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. मग आवाज अगदी खाली आणून म्हणाल्या, "त्याला पण भीती वाटत असेल का रे? ऐन वेळी नको म्हणाला तर?"

सदर, तत्संबंधी, उपरोक्त असे सगळे शब्द साहेबाच्या ओठांपर्यंत आले आणि तिथूनच परत गेले. तो काकूंच्या समोर खाली जमिनीवर बसला.

"वाटत असेल काकू. पण तो येईल."

"कशावरून?"

"माझ्याहून भित्रा मुलगा कुठे असणार आहे का? मी गेलोच ना."